धुरकट बाटलीचा खरा वास

अहो,

आज एक महिना झाला. समीर परवा बंगलोरला परत गेला. जाण्याआधी त्याने तुमचं कपाट उघडलं, आणि म्हणाला, "आई, या बाटल्यांचं काय करायचं?"

मी म्हटलं, "राहू दे तूर्त."

एकोणीस होत्या. काही भरलेल्या, बऱ्याचशा अर्ध्या. सगळ्या उभ्या. आडवी ठेवली की बूच खराब होतं हे तुम्ही इतक्या वेळा सांगितलंय की पुसायला काढल्या तरी मी एकही आडवी होऊ देत नसे. लोकांच्या घरी अशा स्टीलच्या कपाटात शालू आणि दागिने असतात. आपल्याकडे स्कॉटलंडची व्हिस्की.

तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. वर्षभर तुम्ही ती मागत होतात आणि मी टाळत होते. ती सांगायलाच बसले आहे. पण एकदम तिथे जाता येत नाही मला. आधीचं थोडं बोलू दे.

तुम्ही मला बघायला आलात तेव्हा मी चहाचा ट्रे खाली ठेवायच्या आधीच बोलले होते. "माझे वडील दारू पितात. आत्ता घरात नाहीत ते त्यामुळेच. लग्नानंतर तुमच्या घरात दारू आली, तर त्याच दिवशी मी निघेन." आईने मला कोपराने ढोसलं. तुमच्या मामांचा चेहरा पडला. तुम्ही शांतपणे कप उचललात आणि म्हणालात, "मी चहा पितो. आणि हा जरा जास्त गोड झालाय."

तुम्ही चोवीस वर्षं शब्द पाळलात. गिरगाव सोडून आपण भाईंदरला इंद्रलोकमधे आलो, समीर इंजिनिअर झाला, मी टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्ती घेतली, तोवर आपल्या घरात खोकल्याच्या औषधापलीकडे काही आलं नाही. तुमची नोकरी जहाजांच्या कंपनीच्या कचेरीत. परदेशी कप्तान येता-जाता बाटल्या भेट द्यायचे, त्या तुम्ही टेबलावरच वाटून टाकायचात. मग एका संध्याकाळी तुमच्या सहकारी साळवींनी ऑफिसात आग्रह करून तुम्हाला एक घोट दिला आणि पन्नाशी ओलांडलेला माझा नवरा प्रेमात पडला.

तुम्ही लपवलं नाहीत. लपवलं असतंत तर मला भांडायला सोपं गेलं असतं. रविवारी जेवण झाल्यावर तुम्ही ती बाटली टेबलाच्या मधोमध ठेवलीत. "सुधा, ही सिंगल माल्ट आहे. एकाच कारखान्यात, नुसत्या सातूपासून केलेली. बारा वर्षं लाकडी पिंपात होती. मला फार आवडली. मी चोरून पिणार नाही. तू सांग काय करायचं."

मी सांगितलं नाही, करून दाखवलं. बाटली उचलली आणि मोरीत ओतली. शेवटपर्यंत. तुम्ही हात धरला नाहीत, आवाज चढवला नाहीत. रिकामी बाटली मी खाली ठेवली तेव्हा तुम्ही मोरीच्या उंबऱ्याशी उकिडवे बसलात आणि डोळे मिटून वास घेत राहिलात. "अगं, केवढा वास आहे बघ," म्हणालात. त्या क्षणी मला तुमचा इतका राग आला, की अकरा दिवस मी बोलले नाही.

बाराव्या दिवशी तुम्हीच अटी घातल्यात, स्वतःवर. फक्त रविवार. दुपारी तीन वाजता. एक ग्लास. दार सताड उघडं. आणि ज्या दिवशी आवाज बदलेल त्या दिवशी सगळ्या बाटल्या मोरीत. मी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. तुम्ही रीतसर परवाना काढलात. त्यावर छापलं होतं की ही परवानगी प्रकृतीच्या रक्षणासाठी आहे. ते तुम्ही मला दोनदा वाचून दाखवलंत, मी हसावं म्हणून. मी नाही हसले. तुमची फाईल आवरताना परवा तो सापडला, तेव्हा हसले.

मग कित्येक रविवार मी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायची आणि कान बाहेर. बाबांचा आवाज दुसऱ्या ग्लासाला जड व्हायचा, तिसऱ्याला चढायचा. तुमचा आवाज बदलायची मी वाट बघत होते. खरं सांगते, वाट बघत होते. तो बदलला नाही. तुम्ही दुसरा ग्लास कधी घेतला नाहीत. एक ग्लास तुम्हाला तास-दीड तास पुरायचा. खाली फुगीर आणि वर निमुळता तो ग्लास, नाकात औषध घालायच्या ड्रॉपरने मोजून टाकलेलं थेंबभर पाणी, आणि समीरचा शाळेतला नकाशासंग्रह उघडून ठेवलेला. ज्या गावची बाटली, त्या गावावर बोट. तुम्ही कधी पुण्याच्या पुढे हौसेने गेला नाहीत, पण स्कॉटलंडच्या नद्या तुम्हाला भाईंदरच्या गल्ल्यांसारख्या पाठ होत्या.

तुम्ही पीत कमी होतात आणि हुंगत जास्त होतात. मी ते आतल्या खोलीच्या दाराच्या फटीतून बघितलं होतं. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही.

मग तो जिना. टँकरचा पाइप गळत होता, पायऱ्यांवर पाणी आलं होतं, आणि तुम्ही पहिल्या मजल्याच्या वळणावर मागच्या मागे पडलात. डोक्याला मागून मार. मीरा रोडच्या हॉस्पिटलात नऊ दिवस. तुम्ही डोळे उघडून माझं नाव घेतलंत तेव्हा मी देवाला म्हटलं, आता काही मागणार नाही. घरी आलात, चालायला लागलात, पेपर वाचायला लागलात. फक्त चहा पिताना म्हणालात, "आज नुसतं गरम साखरपाणी दिलंस का?" मला वाटलं, अशक्तपणा.

पहिल्या रविवारी तुम्ही तीन वाजता कपाट उघडलंत. ग्लास नाकाशी नेलात. बराच वेळ तसाच धरलात. "बूच सैल राहिलं होतं वाटतं. उडून गेलंय सगळं." दुसरी बाटली काढलीत. मग तिसरी. मी आतून बाहेर आले तेव्हा टेबलावर सात बाटल्या उघड्या होत्या आणि सात वेगवेगळ्या कपांत थोडी थोडी व्हिस्की. आयुष्यात पहिल्यांदा तुमचा आवाज बदललेला मी ऐकला, आणि तुम्ही एक थेंबही प्यायला नव्हतात.

"सुधा, मला काहीच येत नाही गं."

डॉक्टर म्हणाले, नाकाकडून मेंदूत जाणाऱ्या बारीक शिरा तुटल्या आहेत, बहुधा परत जुळणार नाहीत. जीव वाचला हे महत्त्वाचं. तुम्ही मान डोलावलीत. आणि मी? मला कबूल केलंच पाहिजे. त्या केबिनमधे तुमच्या शेजारी बसून एक क्षण माझ्या मनात आलं होतं, सुटले. आता हे बंद होईल. एकच क्षण. पण तो आला होता आणि तो मी तुमच्यापासून लपवला.

बंद झालंच. चार महिने तुम्ही कपाट उघडलं नाहीत. रविवारी तीन वाजता खिडकीशी बसायचात. जेवण म्हणजे तिखट, खारट, गोड, एवढंच उरलं होतं. एकदा म्हणालात, "आपल्या घराला वास होता ना गं काहीतरी? मला आठवत नाहीये." मला तुमचं कपाट बंद झालेलं हवं होतं, पण खिडकीशी बसलेला तो माणूस नको होता.

म्हणून एका रविवारी मीच किल्ली लावली. हाताला आली ती बाटली काढली, तुम्ही ओतायचात तेवढीच ओतली, आणि तुमच्यासमोर खुर्ची ओढून बसले. तुम्ही घाबरून माझ्याकडे बघत होतात. मी ग्लास नाकाशी नेला.

"काय येतंय?" तुम्ही इतक्या हळू विचारलंत.

"दारूचा वास येतोय. दुसरं काय येणार?"

"तो सगळ्यांनाच येतो. त्याच्या मागे जा."

"मागे म्हणजे कुठे जाऊ?"

"घाई नको. तोंड किंचित उघडं ठेव. ग्लास जरा लांब धर. थांब तिथे."

मी थांबले. डोळ्यांत पाणी आलं, खोकले, परत थांबले. आणि मग खरंच काहीतरी आलं. "गूळ. नाही, गूळ नाही, काकवी. माझ्या मावशीच्या घरी बरणीच्या तळाशी राहायची ना, काळी, घट्ट. ती."

तुम्ही माझ्या हातातून ग्लास घेतलात, एक घोट घेतलात, डोळे मिटलेत. खूप वेळाने म्हणालात, "आली. काकवी आली."

आली होती की नाही देव जाणे. पण त्या दिवसापासून रविवारचे तीन आपल्या दोघांचे झाले. मी कधी घोट घेतला नाही. तुम्ही एकदाच विचारलंत, मी नको म्हटलं, परत विचारलं नाहीत. मी वास सांगायची, तुम्ही प्यायचात. सव्वीस वर्षं एक्स्चेंजमधे मी माणसं जोडून दिली, कोण काय बोलतंय ते ऐकायचं नाही अशी सक्त ताकीद असायची. इथे पहिल्यांदा मला दोन्ही बाजू ऐकायला मिळत होत्या. कागदात गुंडाळून पिकवलेली केळी. नव्या वहीचं पान. टिंक्चर आयोडिन. एकीला भाईंदरच्या मिठागरावर उन्हात उभं राहिलं की येतो तसला खारा, तापलेला वास. तुम्ही व्हिस्कीच्या पुस्तकातलं वाचून म्हणायचात, "इथे समुद्री शेवाळ म्हणून लिहिलंय." मी म्हणायची, "लिहू दे. हे सुके बोंबील आहेत."

त्यावरून केवढं भांडलो आपण! आणि नेमकी त्याच वेळी आपली हिरा कोळीण टोपली घेऊन दारात आली. तुम्ही सरळ ग्लास तिच्या नाकापुढे धरलात. मी शरमेने अर्धी झाले. तिने पदर सावरून वास घेतला, परत घेतला.

"न्हाय गो बाय, सुकं न्हाय हाय," ती मला म्हणाली. "ह्यो ओल्या जाल्याचा वास हाय. उनात टाकलेल्या."

तुम्ही टाळी वाजवलीत. पुस्तकही हरलं, मीही हरले. ती गेल्यावर आपण कितीतरी वेळ हसत होतो. तिसावं वर्ष होतं लग्नाचं, आणि माझ्या मनात येत होतं की आपली ओळख आत्ता कुठे होतेय.

मग साळवींनी ती बाटली आणली. हिरवी, जाड काचेची. पश्चिमेकडच्या एका बेटावरची. तिथे दलदलीतली काळी माती खणून वाळवतात आणि तिच्या धुरावर सातू सुकवतात, म्हणून ही धुरकट, असं तुम्ही नकाशावर बोट ठेवून समजावलंत. मी ग्लास घेतला. तुम्ही सांगितलंत तशी मागे गेले.

आणि ग्लास झटकन खाली ठेवला.

"काय आहे?" तुम्ही विचारलंत.

"ओलं लाकूड जळतंय."

"आणि?"

"आणि काही नाही."

तुम्ही ग्लास घेतला नाहीत. "सुधा, तुझा आवाज बदलला."

"ठसका लागला."

"हा तुझा ठसक्याचा आवाज नाही."

मी उठून गेले. त्यानंतर कितीदा तरी तुम्ही विचारलंत. भाजी निवडताना, औषधाच्या गोळ्या मोजताना. "त्या धुरकट बाटलीचा खरा वास सांग ना." मी दर वेळी ओलं लाकूड म्हणायची. तुम्ही दर वेळी म्हणायचात, "खोटं." चिडून नाही. तुम्ही त्या बाटलीला परत हात लावला नाहीत. "तुझं सांगून होऊ दे, मग पिईन."

मग हृदयाचं दुखणं निघालं. दोनदा हॉस्पिटल झालं. व्हिस्की बंद. तुम्ही तक्रार केली नाहीत. घरी आलात त्या रविवारी मला जवळ बोलावून म्हणालात, "मी पिणार नाही. ग्लास तुझ्याच हातात ठेव. तू नुसता वास सांग. त्या हिरवीचा."

घरात तुमची बहीण आणि तिची सून भेटायला येणार होत्या. कुकर लावलेला होता. आणि खरं कारण ते नव्हतंच. मी म्हटलं, "पुढच्या रविवारी. नक्की."

"नक्की?"

"नक्की हो."

गुरुवारी सकाळी तुम्ही तपासणीला जायला शर्ट घालत होतात. तीन बटणं लावून झाली होती. मी पाण्याचा ग्लास घेऊन आले तोपर्यंत तुम्ही पलंगावर आडवे झाला होतात आणि मला वाटलं, दमलात.

पुढचा रविवार तुमच्याशिवाय आला. घर माणसांनी भरलेलं होतं. तीन वाजले तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते आणि कुणीतरी मला बळेच सरबत पाजत होतं.

तर आता ऐका. सांगते.

माझे बाबा शिंपी होते हे तुम्हाला माहीत होतं. ते प्यायचे हे माहीत होतं. पिऊन आले की आईवर हात उचलायचे, मी दाराला कडी लावून धाकट्या भावाचे कान झाकून बसायची, हेही मी तुम्हाला कधीतरी सांगितलं होतं. त्यांच्या शेवटच्या आजारात मी गेले नाही. तुम्ही म्हणालात, जाऊन ये. मी नाही गेले. बाबा म्हटलं की मला एकच वास यायचा, आंबट, घाण, उंबऱ्यापाशी थांबलेला. दुसरा कुठला आठवतच नव्हता.

त्या ग्लासात दुसरा होता.

बाबा गरम कोट शिवायचे. लोकरीच्या कापडावर ओला पंचा अंथरायचे आणि वरून निखाऱ्यांची लोखंडी इस्त्री दाबायचे. चर्र आवाज व्हायचा, वाफ उठायची. लोकर, कोळसा, ओलं सुती कापड, थोडंसं जळलेलं. मी पाच-सहा वर्षांची, शिलाई यंत्राखाली चिंध्यांत बसलेली. ते इस्त्री उचलून निखाऱ्यांवर फुंकर घालायचे, राख उडायची, आणि ते मला म्हणायचे, "डोळे मिट गं सुधे." मी डोळे मिटायची. मग ते म्हणायचे, "आता उघड." एवढंच. दिवसभर हेच. सकाळचे बाबा. न प्यायलेले. माझ्या डोळ्यांत राख जाऊ नये म्हणून काळजी करणारे. पन्नास वर्षं मी हा माणूस विसरून गेले होते, आणि स्कॉटलंडच्या कुठल्या बेटावरच्या मातीने तो माझ्या हातात आणून दिला. दारूने माझा बाप नेला होता आणि दारूतच तो सापडला. हे मी तुम्हाला कसं सांगणार होते? सांगितलं असतं तर मला रडावं लागलं असतं त्यांच्यासाठी. मी शेवटच्या भेटीला गेले नव्हते, मला रडायचा काय हक्क होता?

तुम्ही काहीच म्हणाला नसतात. हे मला तेव्हाही माहीत होतं. तुम्ही ग्लास घेऊन एक घोट घेतला असतात आणि म्हणाला असतात, आली, इस्त्री आली. एवढ्यासाठी त्या रविवारी मी तुमच्याजवळ बसले असते तर चाललं असतं. पाच मिनिटांचं काम होतं. कुकर बंद करता आला असता. तुमच्या बहिणीला बाहेर बसवता आलं असतं.

तुमच्यामुळे मला बाबा परत मिळाले, हे तुम्हाला कळायला हवं होतं. तुम्ही न कळता गेलात. मला हेच सहन होत नाही.

काल साळवी आले होते. त्यांना मी अठरा बाटल्या दिल्या. ते नको नको म्हणत होते, मी म्हटलं, "पिणाऱ्याच्या घरी जाऊ देत. रविवारी प्या, आणि सावकाश प्या." हिरवी मात्र ठेवली आहे. पिणार नाही मी. त्या दिवसानंतर उघडलीही नाही. धाकट्या भावाला फोन करून बाबांचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, मला तर हे आठवतच नाही. अजून सांग." त्याला सांगत होते तेव्हा बाहेर ऊन उतरलं होतं.

आज सकाळी आमटी लागली. फोन आला म्हणून बाहेर आले आणि गॅस मोठा राहिला. वास आला तशी धावत आत गेले, गॅस बंद केला, आणि बाहेरच्या खोलीकडे तोंड करून मोठ्याने म्हटलं, "आमटी लागली हो, तळाला." तुम्हाला येत नसे म्हणून मी घरातला प्रत्येक वास तुम्हाला ओरडून सांगायची. दूध उतू गेलं, उदबत्ती लावली, शेजारी कुणी मासे तळतंय. तुम्ही बसल्या जागेवरून म्हणायचात, "बरं."

मी थांबले. तेवढ्यात दार वाजलं. शेजारच्या जयाबेन.

"भाभी, कुछ जल रहा है क्या?"

"हां, दाल लग गई थी. बंद कर दिया."

"अच्छा. पूरे पॅसेज में बास आ रही थी, इसलिए पूछा."

त्या गेल्या. मी दार लावलं आणि तिथेच दाराला पाठ लावून खाली बसले. त्यांना वास आला होता. त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

तुमची,
सुधा